बटणाची बॅटरी

टोक पेटलं नाही. नॉर्बर्ट पिलार्स्कीनं ई-सिगारेटची ती पांढरी नळी पुन्हा ओठांत धरली, गाल आत ओढले आणि नजर खाली वळवून टोकाकडे पाहिलं. तिथे निळा दिवा लागायला हवा होता. काउंटरमागच्या बाईनं आत्ताच तो लावून दाखवला होता. नळी तिच्या ओठांत जाते न जाते तोच टोकाला निळा ठिपका उमटला होता, आणि तिनं बोलता बोलता नाकातून पांढरी वाफ सोडली होती. मॉलच्या मधोमध चपलांच्या आणि चष्म्यांच्या दुकानांसमोर मांडलेला हा छोटा ठेला. बाहेर एरी सरोवरावरून येणारा बर्फ पडत होता आणि आत येणारा प्रत्येक जण फरशीवर बूट आपटत होता. त्या आपटण्याचा ताल नॉर्बर्टच्या कानांनी सवयीनं पकडला, आणि तेवढ्यानंच त्याचा श्वास चुकला.

"सर, फुंकू नका. ओढा," बाई म्हणाली. "तुम्ही बँडवाले. नळी दिसली की फुंकायलाच जाता."

"ओढतोच आहे, लोरेटा."

लोरेटा कुबियाक. शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेटच्या मागच्या रांगेत बसायची आणि अवघड जागा आली की नुसती बोटं हलवायची. आता केस पांढरे झाले होते, पण खोटं वाजवणाऱ्या मुलीचे ते सावध डोळे तसेच होते. त्यानं पुन्हा ओढलं. छातीत कुठेतरी एक दार अर्धवट उघडलं आणि तिथेच अडकलं. टोक काळंच राहिलं.

"द्या इकडे." लोरेटानं नळी घेतली, रुमालानं पुसली, ओढली. निळा ठिपका. "बॅटरी तर चांगली आहे." मग तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि लगेच काचेच्या कपाटात काहीतरी शोधायला वाकली. तेवढ्या वाकण्यात त्याला कळलं की तिला कळलं आहे. वर्गात एखाद्या मुलाचा सूर फुटला की तोही असाच मुद्दाम वहीत बघायचा.

"यात दोन प्रकार असतात, सर," ती कपाटातूनच म्हणाली. "ही आपोआप चालणारी. ओढलं की आतल्या आत तिला समजतं, आणि ती पेटते. अगदी सिगारेटसारखी. नवीन माणसाला मी हीच देते, शिकायला काही नाही. आणि ही दुसरी. बटणाची." तिनं एक जाडसर काळी कांडी काचेवर ठेवली. "बटण दाबलं की पेटते. मग तुम्ही हळू ओढा, जोरात ओढा, तिला काही देणंघेणं नाही. खिशात चुकून दाबलं जाऊ नये म्हणून भराभर काही वेळा दाबून कुलूप लावायचं. माझे सासरे हीच वापरतात."

"तुझ्या सासऱ्यांचं वय काय?"

"वयाचं काय त्यात, सर. बॅटरी जास्त टिकते हिची."

ती अजूनही खोटंच वाजवत होती आणि अजूनही वाईटच. पण या वेळी ती त्याच्यासाठी वाजवत होती. त्याला एकदम राग आला. "पांढरीच दे," तो म्हणाला. मग पाकीट काढताना, जणू आत्ताच सुचलं अशा आवाजात, "आणि ती काळीही टाक. बदल म्हणून." लोरेटानं दोन्ही पिशवीत टाकल्या आणि निघताना म्हणाली, "सर, डॉक्टरला एकदा…" त्यानं हात वर केला, बँडला थांबवताना करायचा तसा, आणि ती थांबली. इतक्या वर्षांनीही थांबली.

गाडीत बसल्यावर काचा बंद होत्या तरी त्याला सिगारेटचा वास आला. हा वास त्याला कधी येत नसे. डेनीजनं तो त्याला दाखवून दिल्यापासून येत होता. डेनीज त्याची एकुलती एक मुलगी. एका दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसते. शनिवारी तिथे सर्वांत जास्त गर्दी, म्हणून शनिवारी ती टेसाला त्याच्याकडे सोडते. टेसा अकरा वर्षांची, आणि कॉर्नेट वाजवते. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं आखूड, गोलसर भावंड; लहान हातांना बरं पडतं. हे त्याचंच लहानपणचं वाद्य, त्याच्याच निळ्या मखमलीच्या पेटीत. मागच्या महिन्यात डेनीजनं ती पेटी स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडून त्याच्यासमोर सरकवली होती. "वास घ्या, बाबा." त्यानं वाकून वास घेतला आणि त्याला फक्त मखमल आणि व्हॉल्व्हचं तेल जाणवलं. "काही नाही येत." "तेच तर," डेनीज म्हणाली. "तुम्हाला येत नाही. शाळेत तिच्या बाईंनी विचारलं, घरी कोण ओढतं म्हणून. मखमलीत मुरलाय तो वास. आता शेवटचं सांगते. पुन्हा हा वास आला तर शनिवार बंद. मी तिला कुठेतरी पैसे भरून क्लासला घालेन." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर समजूत घालता आली असती. त्याची बायको आयरीन गेल्यापासून त्याच्या आठवड्याला एकच दिवस उरला होता. बाकीचे दिवस त्या दिवसाच्या आधीचे किंवा नंतरचे होते.

घरी आल्यावर त्यानं सिगारेटची उरलेली पाकिटं बर्फात नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि वर चहाची ओली पत्ती ओतली, म्हणजे पुन्हा काढावीशी वाटणार नाहीत. मग आरशासमोर उभा राहून पांढरी नळी ओठांत धरली. आरशात एक म्हातारा गाल आत घेऊन उभा होता. त्याचे खांदे वर गेले होते. खांदे खाली, त्यानं स्वतःला सांगितलं. हेच तो पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला सांगत आला होता. खांद्यांत हवा नसते, बाळा, खांद्यांत नुसती घाई असते. हवा पोटात ठेव, चड्डीच्या नाडीपाशी. मुलं नाडीच्या नावानं हसायची, आणि हसताना पोट हलायचं, तेव्हा तो म्हणायचा, बघ, तिथंच. कागदाची पट्टी भिंतीला लावून ती फक्त फुंकरीनं धरून ठेवायची, हा दुसरा धडा. वर्गाची एक भिंत मुलांच्या थुंकीनं पिवळी पडली होती आणि रंगारी दर उन्हाळ्यात शिव्या देत ती रंगवायचे. किती मुलं त्या भिंतीपुढे उभी राहिली असतील. त्यांतली बरीचशी पुढे रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात लागली, काही सैन्यात गेली, लोरेटा मॉलमध्ये उभी राहते; आणि सगळ्यांना खांदे न उचलता श्वास घेता येतो. त्यानं ओढलं. टोक काळं. वाद्यांच्या कोठीत, दोन तासांच्या मधल्या सुट्टीत, ट्यूबाच्या पेट्यांवर बसून ओढलेल्या सगळ्या सिगारेटी त्याला आठवल्या. दार लावलेलं असायचं, पण मुलांना ठाऊक होतं. सरांच्या श्वासाचा अभ्यास आत चाललाय, असं कुणीतरी ट्रॉम्बोनवाला म्हणाला होता आणि तो दाराआडून ऐकून हसला होता. फार हसला होता. त्याला वाटायचं, श्वास म्हणजे पगारासारखा आहे, एक तारखेला पुन्हा येतोच.

काळी कांडी मात्र लगेच जमली. अंगठ्यानं बटण दाबलं, उजेड लागला, जळक्या साखरेसारखी वाफ तोंडात आली. ती ओढावी लागत नव्हती, नुसती येऊ द्यावी लागत होती. घसा खरवडला, हाताला काम मिळालं, आणि वास पडद्यांत राहिला नाही. त्याला आश्चर्य वाटलं, इतकं सोपं होतं. त्या आठवड्यात त्यानं पडदे धुतले, पेटीची मखमल खाण्याच्या सोड्यानं घासून खिडकीत ठेवली. पण रोज सकाळी, किटलीच्या वाफेवर छाती थोडी मोकळी झाली की तो पांढरी नळी घेऊन आरशासमोर उभा राहायचा. तिच्यावरचं निकोटिनच्या द्रवाचं कार्ट्रिज त्यानं काढून ठेवलं होतं. त्याला तिच्यातून काही नको होतं, फक्त दिवा हवा होता. नुसत्या बॅटरीचाही दिवा लागतो, ओढ पुरेशी असली तर. एका सकाळी क्षणभर निळं काहीतरी चमकलं. मग ते खिडकीतल्या बर्फाचं प्रतिबिंब होतं की काय, असं वाटत राहिलं. त्याच्या वडिलांना शेवटी जिने चढताना थांबावं लागायचं, आणि प्रत्येक वेळी ते कठड्याचा खिळा बघायला थांबल्यासारखं करायचे. "हा खिळा सैल झालाय, नॉर्बी." घरातला प्रत्येक खिळा सैल झाला होता. आई खालून म्हणायची, "ठोका मग एकदाचा." लहानपणी त्याला खरंच वाटायचं की जिना पडणार आहे. आता स्वतःच्या जिन्यावर हात ठेवताना कठड्यात खिळा नाही, नुसतं गुळगुळीत लाकूड आहे, याची त्याला लाज वाटली. थांबायला निमित्तही नव्हतं. डॉक्टरकडे जाण्याचा प्रश्न नव्हता. डॉक्टर म्हणजे डेनीज, आणि डेनीज म्हणजे घर विकून तिच्या गावाजवळची खोली, जिथे भिंतीपलीकडे माणसं राहतात आणि कॉर्नेट वाजवता येत नाही.

शनिवारी डेनीजनं आत पाऊल टाकलं आणि बूट काढायच्या आधी नाकानं घर तपासलं. मग ती जवळ आली आणि बापाच्या कोटाच्या कॉलरचा वास घेतला. तो शाळेत उवा बघायला उभं केलेल्या मुलासारखा मान पुढे करून उभा राहिला.

"शाबास, बाबा," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा सुटला की त्याला तिच्यात लहानपणची डेनीज दिसली. "खरंच सोडलीत? मला वाटलं नव्हतं. दाखवा बघू ते यंत्र."

त्यानं काळी कांडी काढली, बटण दाबलं, उजेड दाखवला, वाफ सोडली.

"ई, जत्रेतल्या साखरेसारखा वास," टेसा म्हणाली. ती पेटी पोटाशी धरून उभी होती. "जाजा, मला दे ना एकदा."

"तुझ्या आईला आत्ताच मी आवडायला लागलोय," तो म्हणाला. "घालवू नकोस." जाजा म्हणजे आजोबा. घरातलं पोलिश बहुतेक सगळं गेलं होतं, हा एक शब्द आणि नाताळचं बिटाचं सूप उरलं होतं.

डेनीज हसली. "असंच राहिलात तर उन्हाळ्यात तिला इथेच ठेवते. अख्खी सुट्टी. नाहीतरी तिला कुठे ठेवायचं हा मला प्रश्नच आहे." हे बोलून ती घाईनं गेली. अख्खी सुट्टी. गाडीचा आवाज गल्लीतून विरून गेल्यावरही ते दोन शब्द खोलीत होते. त्याला बसावंसं वाटलं, पण टेसानं स्टँड मांडला होता.

दोघांनी मिळून वाजवायच्या चिजेचं ते पान जुनंच होतं. वरचा आवाज तिचा, खालचा त्याच्या ट्रम्पेटचा. खालचा आवाज सोपा असतो, लांब लांब सूर. सोपा म्हणून त्यानं तो घेतला होता असं नाही, पण आता लांब सूर म्हणजे काय ते त्याला कळत होतं. सुरुवात कशी करायची हे त्यानं तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तोंडानं मोजायचं नाही. मोजणारा बँड म्हणजे चालताना पायांकडे बघणारा माणूस. एकानं श्वास घ्यायचा, ऐकू येईल असा, ज्या चालीत वाजवायचं त्याच चालीत; दुसऱ्यानं तो ऐकून स्वतःचा श्वास त्यात मिसळायचा. गाणं तिथेच सुरू होतं, पहिल्या सुराच्या आधी. साठ मुलं त्याच्या एका श्वासावर एकदम निघायची, आणि शहरातल्या इतर शाळांचे मास्तर विचारायचे, हे जमतं कसं.

"एक, दोन, तीन," नॉर्बर्ट म्हणाला.

टेसानं कॉर्नेट खाली केलं. "तू मोजतोस?"

"तुझ्यासाठी. अवघड पान आहे."

"मागच्या वेळी पण मोजलंस. मी काही बोलले नाही." तिनं मान तिरकी केली. "मोजायचं नाही असं तूच म्हणतोस. पायांकडे बघणारा माणूस, म्हणतोस."

"मग आज पायांकडे बघू. बर्फ पडलाय, घसरायला होतं."

ती हसली, पण पूर्ण नाही. ते निघाले. पहिल्या ओळीच्या शेवटी त्याचा सूर मध्येच संपला. तो खोकला आणि खोकल्याचं निमित्त बरं झालं. दुसऱ्या ओळीत तिचा मधला व्हॉल्व्ह अडकला. "तेल कुठेय?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्याच्या ट्रम्पेटच्या पेटीतला छोटा कप्पा उघडला. तेल तिथेच असतं. आणि तेलाशेजारी, रोज सकाळच्या तालमीनंतर ठेवलेली, पांढरी नळी होती.

"ही काय आणखी एक?"

"मोडलीय ती."

तो उठला, पण त्याला उठायला वेळ लागला. टेसा वाद्यांचे माउथपीस, पेनांच्या नळ्या, बाटल्यांची झाकणं, जे काही पोकळ असेल ते ओठांना लावून बघणारी मुलगी होती. हे त्यानंच केलं होतं. जगात जे पोकळ आहे ते वाजतं का बघायचं, असं त्यानं तिला चार वर्षांची असल्यापासून सांगितलं होतं. तिनं रिकामी नळी ओठांत धरली. खांदे हलले नाहीत. स्वेटरच्या खालच्या काठापाशी पोट भरलं, आणि टोकाला निळा दिवा लागला. स्वच्छ, न लुकलुकता, ती ओढत होती तितका वेळ.

"चालते की," टेसा म्हणाली. "नुसती हवाच येते. पण दिवा लागतो." तिनं पुन्हा लावून दाखवला. खोलीत दुपारचा करडा उजेड होता आणि त्यात तो निळा ठिपका फार लांबून दिसणाऱ्या बोटीसारखा दिसत होता. त्याला वाटलं, आपण हिला सगळं दिलं. मग लक्षात आलं की असं काही वाटत नाहीये. वाटतोय तो हेवा. अकरा वर्षांच्या मुलीचा. तोंडात आलेली चव जळक्या साखरेची होती.

"घे, तू कर." तिनं नळी पुसून त्याच्यापुढे धरली. "खांदे खाली ठेव. इथून घे, नाडीपासून." आणि तिनं, तो मुलांना दाखवायचा तसा, आपला पंजा त्याच्या पोटावर ठेवला. हात थंड होता. त्या हाताखाली काय हालतं आहे आणि काय नाही, हे तिला कळणार होतं. त्यानं तिचा हात हळूच बाजूला केला.

"ती नको. माझी ही आहे." त्यानं खिशातली काळी कांडी काढली आणि ओठांत धरली, आणि अंगठा बटणावर दाबला. उजेड लागला. लागून राहिला. त्यानं भुवया उंचावल्या, बघ, असं म्हणायला.

टेसा उजेडाकडे बघत नव्हती. ती त्याच्या छातीकडे बघत होती, आणि कान देऊन होती, पान सुरू होण्याआधी द्यायला त्यानं शिकवला होता तसा.

"पण जाजा," ती म्हणाली, "तू श्वास घेतलाच नाहीस."

त्यानं अंगठा उचलला. उजेड गेला. काहीतरी गमतीचं बोलायला हवं होतं, खिळा सैल झालाय असं काहीतरी. पण कठड्यापाशी थांबलेल्या बापाच्या पाठीमागे उभा असलेला मुलगाही तोच होता, आणि त्या मुलाला शेवटी कळलं होतं.

"आईला नको सांगूस," तो म्हणाला. तिला इतकं हलक्या आवाजात तो कधीच काही म्हणाला नव्हता. "उन्हाळ्याचं म्हणाली ना ती. ऐकलंस ना तू?"

"ऐकलं."

"मग?"

टेसानं नळी कप्प्यात ठेवली, व्हॉल्व्हला तेल दिलं, तीनदा दाबून बघितला. मग स्टँडसमोर उभी राहिली. "तू मोजू नकोस," ती म्हणाली. "श्वास मी घेते. तू माझ्यामागून ये." आणि तिनं घेतला. ऐकू येईल असा, ज्या चालीत वाजवायचं त्याच चालीत. दोघांना पुरेल असा. ट्रम्पेट त्याच्या ओठांशी होतं. तो त्या श्वासात शिरायला गेला आणि ते अर्धवट दार पुन्हा तिथेच अडकलं. ती निघून गेली. वरचा आवाज एकटाच चालू लागला. जिथे फक्त त्याचे लांब सूर होते तिथे ती थांबायची, तो सूर जितका चालला असता तितका पूर्ण वेळ रिकामा सोडायची आणि मग पुढे जायची. त्यानं तिला शिकवलं होतं की दुसऱ्याचं घर आपण भरायचं नाही. तो ट्रम्पेट मांडीवर ठेवून ती रिकामी घरं एकामागून एक ऐकत राहिला.

गाडी केव्हा आली ते त्याला कळलं नाही. डेनीज दारात उभी होती, हातात किल्ल्या, टोपीवर बर्फ. एकच वाद्य वाजत होतं आणि ती मान तिरकी करून ऐकत होती. ही मान तिला त्याच्याकडून आणि टेसाला तिच्याकडून आली होती. तिनं आधी टेसाकडे पाहिलं, मग त्याच्या मांडीवरच्या ट्रम्पेटकडे, मग त्याच्या तोंडाकडे. टेसा थांबली नाही. कुणी आलं म्हणून मध्येच थांबायचं नाही, हाही धडा त्याचाच. शेवटचा सूर तिनं पूर्ण धरला आणि नीट खाली ठेवला.

"एकटीच का वाजवतेस?" डेनीजनं विचारलं. "बाबा? काय झालंय?"

टेसानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं हात वर करायला घेतला, बँडला थांबवताना करायचा तसा, पण तो गुडघ्यावरून फारसा उचलला गेला नाही. मग ती आईकडे वळली, आणि बोलण्याआधी तिनं श्वास घेतला. खांदे न उचलता, पोटातून, सगळ्या खोलीला ऐकू येईल असा.